तम्मण्णानं कंप्युटरला कापड विणलं

सकाळी चहात पाव बुडवता बुडवता वडगावच्या तम्मण्णानं ठरवलं, की सुनेच्या कंप्युटरातली धूळ आता आपणच बघायची. ठरवलं ते एवढंच. त्या नादात पावाचा तुकडा चहात सुटला आणि तळाला गेला, तो चमच्यानं काढायला गेला तर कपच लवंडला. पण असल्या बारीकसारीक इशाऱ्यांकडं लक्ष देणारा माणूस असता, तर तो तम्मण्णा कशाला झाला असता?

तम्मण्णाचं घर म्हणजे खाली माग आणि वर माणसं. खालच्या सोप्यात त्याचे पॉवरलूम दिवसभर असे खडखडतात, की त्या गल्लीत जन्मलेलं पोर पहिल्यांदा शांत जागी नेलं की घाबरून रडतं. त्या घरात कुणी हळू बोलत नाही. नवराबायकोची गुपितं शेजारच्या परशरामला पाठ असतात. (परशरामला भिंतीला कान लावायची सवय आहे हे खरं, पण तेवढे कष्ट घ्यायची त्याला गरजच पडत नाही.)

आणि मागावर सूत चाललं, की त्याची लव उडते. पांढरी, हलकी, उडताना दिसत नाही आणि बसल्यावर निघत नाही. ती भाकरीवर बसते, देवाच्या मुकुटावर बसते, पाहुण्यांच्या मिशीवर बसते. तम्मण्णाच्या भुवया मुळात काळ्या आहेत, हे त्याच्या बायकोला, म्हणजे बायाक्काला, लग्नानंतर गोकर्णाला जाऊन दोघांनी समुद्रात बुडी मारली तेव्हा कळलं.

या घरात पूर्णिमा सून म्हणून आली ती निपाणीची. तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली, त्यामुळं धुळीला भिणारी नव्हे. "आमच्या निपाणीच्या धुळीला वास तरी असतोय," एवढंच ती म्हणाली आणि वरच्या खोलीत कंप्युटर मांडून कामाला लागली. काम बेंगळूरच्या कंपनीचं. दुसऱ्यांची मशिनं बंद पडली, की ती का पडली हे घरात बसून शोधून काढायचं, याचा तिला पगार मिळे. आणि तिचं स्वतःचं मशिन मात्र मीटिंगच्या ऐन मध्यावर गपकन डोळे मिटायचं. वैद्याच्या नाकातनंच शेंबूड वाहावा, तसं दिसायचं ते.

असं दोनचारदा झाल्यावर कंपनीनं विचारणा केली. आणि तम्मण्णाचा पोरगा शिवराज, जो एरवी बापासमोर फक्त जेवायला तोंड उघडतो, तो त्या दिवशी बोलला.

"आप्पा, पुढच्या शुक्रवारी बेंगळूरच्या मोठ्या मॅडम सोता मीटिंगला बसणार हाईत. त्यात जर हे बंद पडलं, तर पूर्णिमाला तिकडं ऑफिसात जावं लागंल. कायमचं."

"आन् तू?"

"मी काय हितं खिडकीत बसून वाट बघू? मी बी जाणार."

"मग माग?"

"मागाचीच तर लव हाय ही सगळी. माग बंद करा, न्हायतर आमाला जाऊ द्या. तुमी ठरवा."

तम्मण्णाला दोन्ही ठरवायचं नव्हतं. माग बंद झाले तर सकाळी उठून करायचं काय, हा एक प्रश्न. आणि सून गेली तर त्याच्याही पुढचा प्रश्न. कारण तम्मण्णा दिवसातनं चारपाच वेळा जिन्यात उभा राहून एखादा जोक सांगतो, आणि त्याच्या जोकला घरात हसणारी पूर्णिमा एकटी. (ती कानाला हेडफोन लावून बेंगळूरच्या मैत्रिणींशी बोलत हसत असते, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

तर त्याच दिवशी संध्याकाळी खडेबाजारातनं नागेंद्रला बोलावलं. कंप्युटर दुरुस्त करणारा, हुशार पोरगा, गिऱ्हाइकाचा अपमान तो हसत हसत करतो. त्यानं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा ओढला आणि वाकून बघितलं. आत मशिन असं काही दिसतच नव्हतं. पांढरीशुभ्र गादी भरली होती.

"काका," नागेंद्र म्हणाला, "ह्यात मशिन व्हतं न्हवं?"

"असंल की. आमी कशाला काढून घिऊ?"

नागेंद्र दोन बोटांनी लव ओढायला लागला. ती संपेना. तोवर बायाक्का सूप घेऊन आली. "टाकू नकोस रं लेकरा. चांगलं सूत हाय." आणि सगळी लव सुपात घेऊन तिनं देवापुढं बसून वाती वळल्या. त्या वाती अशा काही नीट जळल्या, की बायाक्काचं मतच पडलं, बाजारच्या कापसापेक्षा कंप्युटरातला कापूस सरस. गाळून येतोय न्हवं!

जाताना नागेंद्रनं समजावलं. "काका, हे मशिन पुढनं गार वारा आत ओढतंय आन् मागनं गरम वारा भाईर टाकतंय. लव आत गेली की तुंबतंय. आन् लव नको म्हणून वारा अडीवला, तर तापतंय. तापलं की जळू ने म्हणून सोताच बंद पडतंय. तवा वारा आत जायाला पायजे आन् लव भाईर ऱ्हायाला पायजे. एवढं सांभाळा."

"एवढंच न्हवं?" तम्मण्णा म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावाचा तुकडा चहात पडला.

आता वडगावात झाकण्याची मोठी हौस. फ्रीजला फुलाफुलाचा पडदा असतो, मिक्सरला फ्रॉक असतो, गॅसच्या टाकीला झालरीचा परकर असतो. तम्मण्णाच्या घरातला सोफा आणल्या दिवसापासून चादरीखाली आहे. त्याचा रंग कोणता यावर बायाक्का आणि शिवराजमध्ये अजून वाद आहे. तेव्हा तम्मण्णानं पहिला उपाय केला तो झाकायचा. जाड प्लास्टिक आणलं, कंप्युटरवर घातलं आणि लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधतात तसं सुतळीनं आवळून बांधलं. लवेचा एक कण आत गेला नाही. वाराही गेला नाही. पूर्णिमाचं 'गुड मॉर्निंग' सगळ्यांना सांगून व्हायच्या आत कंप्युटर विझला आणि खोलीभर असा वास सुटला, की बायाक्का दूध उतू गेलं म्हणून खाली पळाली.

"वारा कमी पडला," तम्मण्णा म्हणाला. म्हणून त्यानं दुसरा उपाय केला तो वाऱ्याचा. खालचा टेबलफॅन वर आणला, कंप्युटरच्या पाठीमागं ठेवला आणि फुल्ल सोडला. फॅन मागांशेजारी वर्षानुवर्षं राहिलेला. त्यानं अंगावरची सगळी जुनी लव एका दमात कंप्युटरात भरली. नागेंद्रला परत यावं लागलं.

"काका, ते मशिन मागनं श्वास सोडतंय," नागेंद्र म्हणाला, "आन् तुमी तोच श्वास परत त्याच्या नाकात कोंबूलालासा."

"मला काय म्हाईत नाक कुठलं आन् पाठ कुठली! तुमच्या मशिनला तोंड तर पायजे न्हवं कळायला."

तरी ते नाक नक्की कुठं आहे हे बघावं म्हणून तम्मण्णानं उदबत्ती पेटवली आणि धूर कुठं ओढला जातो ते बघत कंप्युटरभोवती हळूहळू फिरवू लागला. डोळे बारीक केलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटतोय. तेवढ्यात बायाक्का दारात आली. तिनं ते बघितलं आणि हात जोडले.

"अवो, जरा थांबा की. नारळ आणते."

"अगं पूजा न्हाय, तपासूलालोय."

"मी खंडेनवमीलाच म्हटलं व्हतं, त्याला लिंबू बांधा म्हणून. माझं कोण ऐकतंय?"

पूर्णिमा मीटिंगमध्ये होती. कॅमेऱ्यात तिच्या डोक्यामागनं धुराचे लोट निघताना बघून पलीकडं कुणीतरी घाबरून विचारलं, आग लागली की काय? पूर्णिमानं मागं न बघता सांगितलं, "नो, नो. ओन्ली फादर-इन-लॉ."

आपलं नाव मीटिंगमध्ये निघालं, याचा तम्मण्णाला आनंदच झाला.

परशरामनं भिंतीपलीकडनं सगळं ऐकलं होतंच. तो सल्ला द्यायला आला. "तम्मण्णा, मी सांगू? ते कंप्युटर न्हेऊन कणकुंबीला ठेव. तिथं धूळ म्हणून औषधाला गावायची न्हाय."

"आन् पाऊस? सारं रान गळतंय तिथं."

"मग वर छत्री धर," परशराम म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तो चहा बायाक्कानं गाळला, तेव्हा तम्मण्णा शेजारीच बसला होता. फडक्यातनं चहा खाली आला. पत्ती वर राहिली. तम्मण्णा त्या फडक्याकडं बघत राहिला आणि एकदम उठून उभा राहिला.

"अगं! आपण सारा जन्म काय करत आलो?"

"ते मी पण इचारूलाले कवापासनं," बायाक्का म्हणाली.

"अगं, कापड म्हणजे तरी काय? सुतानं बांधलेली भोकंच की! आन् मी भोकं विणणारा माणूस, धुळीला भीत बसलोय?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि असं त्याच्या बाबतीत क्वचितच होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. त्यानं एका मागावरची साडी उतरवली आणि बारीक सूत चढवून विरळ कापड विणायला घेतलं. पहिला तुकडा इतका विरळ झाला, की त्यातनं डास बायकापोरं घेऊन गेला असता. दुसऱ्यातनं उजेडसुद्धा विचारून आत येत होता. तिसरा विणून, धुऊन, वाळवून हातात धरला, तेव्हा तो मऊ होता, सायीसारखा, आणि पलीकडं खिडकीचे गज दिसत होते.

आता परीक्षा. वारा जातो की नाही, हे माणसानं श्वास घेऊन बघावं, याहून सोपं काय? तम्मण्णानं मागाशेजारी चटई टाकली, उताणा झोपला, हात पोटावर जोडले आणि ते पांढरं कापड तोंडावर ओढून घेतलं. माग खडखडत होते, त्यामुळं झोप छान लागली. परीक्षेत कुणी अडथळा आणू नये म्हणून त्यानं बायाक्काशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात परशराम स्क्रूड्रायव्हर मागायला आला. त्यानं बघितलं. तम्मण्णा आडवा, हात जोडलेले, तोंडावर पांढरं. परशराम ओरडला, पण मागांच्या आवाजात त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही. मेलेल्या माणसाचा मान म्हणून म्हणा की आपलं रडणं ऐकू जावं म्हणून म्हणा, त्यानं आधी मागांचा मेन स्विच पाडला. माग थांबले. मग त्यानं मोकळा गळा काढला.

"गेला गं बायाक्का! तम्मण्णा गेला! माझी शिडी न्हेली ती परत दिली न्हाय, पण लई चांगला माणूस गेला!"

बायाक्का स्वयंपाकघरातनं म्हणाली, "कुठं गेला? मघाशी तर कंप्युटरसाठी झोपला व्हता."

पण त्या गल्लीतल्या माणसाला शांतता सोसत नाही, हे वर सांगितलंच. माग थांबल्याबरोबर तो चटईवर उठून बसला. कापड तोंडावर तसंच, आणि बोलताना ते आतबाहेर होतंय.

"माग का बंद केला रं?"

परशराम मागं सरकला तो थेट सुताच्या कांड्यांच्या बुट्टीत बसला. तम्मण्णानं कापड काढलं आणि त्याच्या नाकाशी नेऊन दाखवलं. कापडाच्या वरच्या बाजूला लवेचा थर. खालची बाजू स्वच्छ. तम्मण्णाचं नाकही स्वच्छ.

"हे बघ. लव भाईर ऱ्हायली, आन् श्वास अडला न्हाय."

"माझा अडला की," परशराम बुट्टीतनं म्हणाला.

ते कापड तम्मण्णानं कंप्युटरच्या पुढच्या जाळीवर बसवलं. शिवराजच्या जुन्या पायजम्यातलं इलॅस्टिक कडेनं घातलं. पाठ मोकळी सोडली. कंप्युटर जमिनीवर होता तो स्टुलावर चढवला. आणि कापडाला हिरवा काठ घातला. काठाची काही गरज नव्हती. पण बिनकाठाचं कापड घरातनं द्यायचं म्हणजे नागडं द्यायचं, असं तम्मण्णाचं मत. पूर्णिमानं कापडाला हात लावून बघितला, मागं तळवा धरून वारा बघितला, आणि म्हणाली, "आप्पा, लई भारी झालंय. अशी जाळी बाजारात तयार मिळतेय, पण तिला असा काठ नसतोय."

यातलं 'बाजारात तयार मिळतेय' एवढं तम्मण्णानं ऐकलं नाही.

आणि कंप्युटर चालला. रोज चालला. बायाक्का सकाळी कापड काढून झटके, परत लावे. मीटिंगा झाल्या, एकदाही डोळा मिटला नाही. शिवराज परत फक्त जेवायला तोंड उघडायला लागला. घरात तक्रार एकच राहिली, ती बायाक्काची: आता देवाला वाती कुठनं आणायच्या?

माणसानं इथं थांबावं. पण मोठ्या मॅडमची मीटिंग शुक्रवारी, आणि गुरुवारी सकाळी तम्मण्णाच्या लक्षात आलं, की कापड मळलंय.

"उद्या बेंगळूरच्या मोठ्या मॅडम बघणार," तो बायाक्काला म्हणाला. "स्वच्छ धुऊन टाक."

बायाक्कानं धुतलं. पिळता पिळता विचारलं, "खळ लावू काय?"

तम्मण्णाला रागच आला. "इचारतीस काय? आजवर ह्या घरातलं कापड बिनखळीचं कवा भाईर गेलंय? लुळ्या कापडात सुनेचा कंप्युटर बसवायचा मॅडमसमोर? लोक काय म्हणतील, वडगावात तांदूळ संपला?"

आणि ते काम त्यानं बायाक्कावर सोडलं नाही. स्वतः तांदळाची खळ शिजवली. मॅडम मोठ्या, म्हणून खळही दाट. कापड बुडवलं, काढलं, परत बुडवलं. गच्चीवर उन्हात घातलं. संध्याकाळी आणलं तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेलं ते कापड भिंत सोडूनही उभं राहिलं. तम्मण्णानं बोटानं वाजवून बघितलं. टक् टक्.

"आता कसं कापड वाटतंय," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्यानं ते बसवलं. पूर्णिमाला मीटिंगच्या तयारीत बघायला वेळ नव्हता. तिला कडक इस्त्रीचं, काठाचं, पांढरं काहीतरी दिसलं, आणि बरं दिसलं. तम्मण्णानं त्या दिवशी मागही बंद ठेवले, डोक्याला नवी टोपी घातली आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, पलंगाच्या कडेला हजर राहिला. परवानगी मागितली नव्हती, त्यामुळं कुणी नाकारली नाही.

मोठ्या मॅडम पडद्यावर आल्या. चष्मा, बारीक केस, चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. पूर्णिमा बोलायला लागली. आणि कंप्युटरातला पंखा हळूहळू आवाज करायला लागला. आधी घूं. मग घूंऽऽ. मग सांबऱ्याच्या विमानतळावर विमान उडायच्या आधी धावपट्टीच्या टोकाला उभं राहून जसं अंगात आल्यासारखं करतं, तसं.

तम्मण्णाला भरून आलं. माणूस मोठं आलंय, हे मशिनला पण कळतंय, असं त्याच्या मनात आलं.

"मॅडम," पूर्णिमा सांगत होती, "आमच्या घरचा तो प्रॉब्लेम आता पूर्णपणे सुटलेला आहे."

आणि पडदा काळा झाला.

खोलीत असं काही शांत झालं, की तम्मण्णा दचकला. पूर्णिमानं मोबाईल घेतला, परत मीटिंगला जोडला, पुस्तकाला टेकवून उभा केला आणि शांतपणे म्हणाली, "सॉरी मॅडम. एक मिनिट. कारण बघते." तिचं कामच ते होतं. तिनं मागं हात धरला. वारा नाही. पुढं हात धरला. ओढ नाही. कापड ओढलं तर ते कडाकडा वाजत पापडासारखं हातात आलं.

"आप्पा, ह्याला काय लावलंय?"

"खळ," तम्मण्णा म्हणाला. अजून त्याच्या आवाजात अभिमान होता. "दोनदा लावल्या. घट्ट."

पूर्णिमानं ते कापड त्याच्या तोंडापुढं धरलं. "फुंका."

तम्मण्णानं छाती भरून घेतली आणि फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपी हलली. कापड हललं नाही. एकेक भोक त्यानं स्वतः मोजूनमापून विणलं होतं, आणि एकेक भोक स्वतःच भाताच्या पेजेनं बुजवलं होतं.

तेव्हा त्याला कळलं. आणि त्याला एकदम वरचा मजला रिकामा दिसला. खोलीत टेबल नाही, खुर्ची नाही, आणि जिन्यात उभं राहून आपण जोक सांगितलाय, आणि कुणी हसत नाही. त्यानं पुढं होऊन मोबाईल दोन्ही हातांनी धरला, इतक्या जवळ, की बेंगळूरला फक्त त्याचं नाक दिसलं असणार.

"मॅडम, तप्पु नंदु!" तो कानडीत ओरडला, म्हणजे चूक माझी. आणि पुढं कानडी आठवेना, तेव्हा मराठीतच सुटला. "पोरीची काय चूक न्हाय. तिला तिकडं बोलवू नका. पायजे तर मी माग बंद करतो. सगळेच. आजपासनं. पण तिला हितंच ऱ्हाऊ द्या."

बायाक्का जिन्यात उभी होती. मागांसाठी भांडणारा हा माणूस माग बंद करतो म्हणाला, हे ऐकून तिनं पदर डोळ्याला लावला. (पदरालाही खळ होती. डोळा चुरचुरला.)

पूर्णिमानं मोबाईल हळूच काढून घेतला. तम्मण्णा काय म्हणाला ते मॅडमना सांगितलं. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी समोरचा रिपोर्ट बघत विचारलं, "हे कापड लावल्यापासून धुळीनं मशिन किती वेळा बंद पडलं?"

"एकदाही नाही, मॅडम."

"आणि आज?"

"आज खळीमुळं."

"खळ कुणी लावली?"

"फादर-इन-लॉ."

"त्याआधी प्लास्टिक बांधलं होतं, ते कुणी?"

"फादर-इन-लॉ."

"आणि तो त्या दिवशीचा धूर?"

"फादर-इन-लॉ, मॅडम."

मॅडम पाणी प्यायल्या. "मग तुला इकडं बोलवायचं काही कारण दिसत नाही. जागेत दोष नाही. कापडात दोष नाही. मूळ कारण सापडलंय." मग जराशा पुढं झुकून त्या म्हणाल्या, "ते फक्त खोलीबाहेर ठेव."

तम्मण्णाला यातलं कळलं ते इतकंच, की सून जात नाही आणि मागही राहिले. त्यानं त्याच दुपारी खव्याचा कुंदा आणून गल्लीत वाटला. परशरामला त्यानं जास्तीचा दिला आणि सांगितलं, "मॅडमनी तीनदा इचारलं आन् पूर्णिमानं तिन्ही खेपेला माझंच नाव सांगितलं. दुसऱ्या कुणाचं न्हाय."

सोमवारी पूर्णिमा त्याच्याकडं खाली आली. "आप्पा, तसलंच कापड आणखी एक विणून देतासा? मोठं. दाराएवढं. तुमच्या हाताचंच पायजे."

एवढ्या गोड शब्दात त्याच्या हाताचं कापड आजवर कुणी मागितलं नव्हतं. तम्मण्णानं दुसरी कामं बाजूला टाकली. सूत निवडून घेतलं, काठ दोन्ही बाजूंनी घातला, आणि खळीच्या भांड्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिवराजनं लाकडी चौकट करून आणली, कापड तिच्यावर ताणून बसवलं, आणि ती चौकट पूर्णिमाच्या खोलीला दार म्हणून लावली. कडी आतनं.

"आन् मी आत यायचं कसं?" तम्मण्णानं विचारलं.

"न्हाय यायचं, आप्पा," पूर्णिमा आतनं म्हणाली, "तिथनंच सांगत जावा जोक. ऐकू येतंय." आणि तिनं हेडफोन चढवले.

संध्याकाळी परशराम शिडी परत मागायला आला, तेव्हा तम्मण्णा त्या दारापुढं उभा होता. मागावरनं थेट उठून आलेला, डोक्यापासनं पायापर्यंत पांढराफेक. तो कापडावर तळवा धरून वारा बघत होता. वारा सुरेख जात होता. परशरामनं वरपासनं खालपर्यंत दार बघितलं.

"काय अडतंय रं ह्येच्यानं?"

"वारा सोडला तर कायबी आत जात न्हाय," तम्मण्णा छाती काढून म्हणाला. "लवेचा एक कण दाव मला आत."

परशरामनं आत डोकावलं. मग बाहेर बघितलं. मग तम्मण्णाच्या खांद्यावरची लव दोन बोटांनी उचलून उजेडात धरली.

"खरं हाय बाबा," तो म्हणाला. "दोगं बी भाईरच हाईत."